‘वाचता येत नाही’ म्हणजे नेमकं काय येत नाही?

एका नव्या शिक्षिकेने विचारलं आहे: “यंदा मला तिसरीचा वर्ग मिळालाय. 32 मुलं आहेत. निम्म्यांना धड वाचता येत नाही. फळ्यावरचं सुंदर उतरवून घेतात, पण मनाचं एक वाक्य लिहीत नाहीत. गणितात हातच्याची वजाबाकी आली की वर्ग गप्प होतो. मी पुस्तक पुढे नेऊ, की सगळ्यांना घेऊन पहिलीपासून सुरुवात करू? रोज किती वेळ द्यावा? वर्ष असंच निघून जाईल अशी धास्ती वाटते.”

ताई, मी 26 वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांत आहे आणि ही धास्ती मला अजूनही दर जूनमध्ये वाटते. तेव्हा ती वाटण्यात काही गैर नाही. पण तुमच्या प्रश्नातला ‘निम्म्यांना धड वाचता येत नाही’ हा तुकडा आधी बाजूला काढते, कारण खरी अडचण तिथेच आहे. ही सोळा मुलं एकाच कारणाने अडलेली नसतात. एकाला अक्षरंच ओळखू येत नाहीत. दुसऱ्याला अक्षरं येतात, पण ती जोडून शब्द होत नाही. तिसरा शब्द वाचतो, पण ‘पाण्यात’ आलं की थांबतो. चौथी सगळं घडाघडा वाचते आणि काय वाचलं ते विचारलं की छताकडे बघते. या चौघांना एकत्र बसवून पहिलीपासून सुरुवात केलीत, तर एकाचा फायदा होईल आणि तिघं कंटाळतील. पुस्तक पुढे नेलंत तर चौघंही मागे राहतील. म्हणून ‘पुढे की मागे’ याच्या आधी ‘कोण कुठे’ याचं उत्तर हवं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथे बसून सांगू शकत नाही. तुमच्याकडे एकच वर्ग आहे की दोन वर्ग मिळून बसतात, मुलांची हजेरी कशी आहे, घरी मराठी बोलतात की दुसरी भाषा, यावर वेग ठरेल. आठवड्यातून तीनच दिवस येणाऱ्या मुलासाठी मी खाली सांगितलेलं सगळं निम्म्या वेगाने होतं. पद्धत मात्र बदलत नाही.

पहिला आठवडा शिकवण्यापेक्षा ऐकण्यात घालवा. एकेका मुलाला जवळ बोलवा, पाच मिनिटं पुरतात. मुलांना वाचता येतं का, साधं गणित येतं का हे घरोघर जाऊन बघणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणात 2005पासून वापरतात तशी साधी उतरंड मी कागदावर करते: सुटी अक्षरं, मग सोपे शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग थोडी मोठी गोष्ट. मूल जिथे अडखळेल ती त्याची पायरी. पण फक्त पायरी लिहून थांबू नका. मूल काय म्हणालं ते जसंच्या तसं टिपून ठेवा. ‘शब्द येत नाहीत’ या शेऱ्याचा मला काडीचा उपयोग नाही. ‘गणित’ला ‘गिणत’ म्हणाला, याचा आहे.

आणि पाठ्यपुस्तकातला धडा देऊन तपासू नका. एका वर्षी दुसरीतल्या एका मुलाने मला अख्खा धडा बोट फिरवत वाचून दाखवला. मी खूश. मग सहज लक्ष गेलं, तर तोंड पाचव्या ओळीवर होतं आणि बोट तिसऱ्या. धडा पाठ होता. तेव्हापासून मी दोन गोष्टी करते: चित्र हाताने झाकते आणि ओळी खालून वर वाचायला सांगते. ज्याला वाचता येतं त्याला गंमत वाटते. ज्याचं पाठांतर असतं तो पहिल्याच शब्दाला माझ्याकडे बघतो.

त्या टिपलेल्या चुका नीट बघितल्या की बरंच कळतं. ‘कविता’ला ‘किवता’, ‘गणित’ला ‘गिणत’ म्हणणाऱ्या मुलाला अक्षरं येतात, वेलांटीही ओळखता येते. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर, ही आपल्या लिपीची खोड त्याला कुणी दाखवलेली नाही, इतकंच. म्हणून तो ती मागच्या अक्षराला चिकटवतो. ‘वर्ग’ला ‘वग्र’ म्हणणाऱ्याचं तसंच: रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि बोलायचा त्या अक्षराच्या आधी. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळणाऱ्याची अडचण नजरेची आहे. ‘मुलगा’च्या जागी ‘मुलगी’ वाचणारा पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकतो. आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारं मूल वाचनात चुकलेलंच नाही! ते लिहिलेला शब्द ओळखून आपल्या घरच्या बोलीत सांगतंय. त्याला तिथे थांबवून ‘पाऽऽणी म्हण’ करत बसलात, तर ते वाचायचंच बंद होईल. माझ्या हातून हे सुरुवातीच्या वर्षांत झालंय. एक मुलगी दोन महिने माझ्यासमोर तोंड उघडेना.

हे झालं की वर्गाचे तीन गट करा. सगळं पुस्तक सोडू नका. दिवसातला एक तास फक्त या गटांसाठी ठेवा, त्या तासात इयत्ता विसरायची. गटांना फुलांची नावं द्या, रंगांची द्या, काहीही द्या, पण ‘कच्चा गट’ हा शब्द चुकूनसुद्धा वापरू नका. मुलांना कळायचं ते कळतंच, तरी तुमच्या तोंडून नको. गट कायमचे नाहीत. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ऐकायचं आणि मुलं हलवायची. हे हलवणं राहून गेलं की गट म्हणजे शिक्षा होते.

आता अक्षरांवर अडलेला गट. तिसरीत आलेल्या मुलाला पुन्हा ‘क का कि की’ म्हणायला लावण्यात अर्थ नाही. बाराखडी त्याला गाण्यासारखी येते, अडचण वेगळीच आहे. त्याला सुटा ‘कु’ दाखवा. ओठ हलताना दिसतील: क, का, कि, की, कु… मग मोठ्याने ‘कु!’ प्रत्येक अक्षरासाठी तो गाण्याच्या सुरुवातीपासून चालत येतोय. असं एक अख्खं वाक्य वाचायला किती वेळ लागेल, विचार करा.

म्हणून मी बाराखडी उभी नाही, आडवी घेते. एक मात्रा धरायची आणि ती अनेक अक्षरांना लावायची: का, मा, ला, रा, ना. तेव्हा काना ही स्वतंत्र गोष्ट म्हणून डोळ्यांत भरते. अक्षरंही ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने घेत नाही. क, म, ल, र, न ही पाच, ‘आ’ आणि काना एवढ्यावर पहिल्याच आठवड्यात नाक, कान, मान, लाल, मामा, काका, मला, कमान असे शब्द होतात. ‘काल मामा आला’ हे वाक्य होतं. ज्या मुलाने दोन वर्षांत कधी वाक्य वाचलेलं नाही, त्याने हे स्वतः वाचलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पुढे दर आठवड्याला चार-पाच अक्षरं आणि एक मात्रा एवढी भर घालत जायची. घ आणि ध, भ आणि म अशा जोड्या मुद्दाम लांब लांब ठेवायच्या. एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं दाखवायचं नाही.

अक्षरं येतात पण शब्द होत नाही, अशी मुलं याच गटात सापडतात. ‘घ… र…’ म्हणतात आणि थांबतात. इथे मराठीचीच एक गोम आहे. आपण ‘घर’ म्हणताना शेवटचा ‘र’ पूर्ण उच्चारत नाही. मुलाच्या कानात ‘घर्’ आहे आणि तोंडातून ‘घऽ रऽ’ येतंय, ते दोन जुळत नाहीत. ‘करतो’मध्ये तर मधला ‘र’ही अर्धा होतो. याचा इलाज फळ्यावर नाही, कानात आहे. पुस्तक बंद करून खेळायचं: मी म्हणते ‘न… ळ’, तुम्ही शब्द सांगा. मी म्हणते ‘का… ग… द’. मग उलट: मी ‘बदक’ म्हणते, तुम्ही टाळ्या वाजवत सोडवा. रोज पाच मिनिटं, रांगेत उभं असतानाही चालतं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना जोडणं जमतं आणि मग तोच शब्द कागदावर दिसला की ओळखीचा वाटतो.

दुसरा गट शब्दांवर अडलेल्यांचा. यांच्या बाबतीत आपल्या सगळ्यांची एक चूक होते: जोडाक्षरं ‘नंतर’ ठेवतो. चौदाखडी संपली, अनुस्वार झाला, मग शेवटी जोडाक्षरं. पण कुठलीही साधी गोष्ट उघडा. ‘तो म्हणाला’, ‘त्याला’, ‘तिच्या’, ‘नव्हता’, ‘म्हणून’. पहिल्या तीन ओळींत पाच जोडाक्षरं! आणि दुसरं असं की मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की शब्दाचं रूपच बदलतं. पाणी, पण पाण्यात. घोडा, पण घोड्यावर. रस्ता, पण रस्त्याने. ज्या मुलाने ‘पाणी’ कष्टाने शिकलंय, त्याला ‘पाण्यात’ हा सर्वस्वी नवा शब्द वाटतो. मूल ‘शब्द वाचतं पण वाक्य वाचत नाही’ अशी तक्रार येते तिच्या मुळाशी बऱ्याचदा हे असतं.

तेव्हा मी काय करते, तर म्हणाला, म्हणून, त्याला, त्याने, तिच्या, नव्हता, होत्या असे वीस-पंचवीस सतत येणारे शब्द कार्डांवर लिहून अख्खे ओळखायला शिकवते. त्यांची फोड नंतर. सोबत रोज दोन शब्दांची घडी-उलगडी: ‘पाणी’ आणि ‘त’ शेजारी ठेवायचे, मूल आपल्या तोंडाने म्हणतं ‘पाण्यात’ (बोलताना कुणीच ‘पाणीत’ म्हणत नाही, हे त्याचं ज्ञान आपल्याला फुकट मिळतं), मग मी तिसरं कार्ड उलटते. दहा-बारा शब्दांनंतर मुलं स्वतःच सांगतात की बाई, ‘णी’चा ‘ण्या’ झाला. ‘र’ची चार रूपं तेवढी मी एकाच तक्त्यावर टांगून ठेवते: वर्ग, चक्र, राष्ट्र, दऱ्या. ती तोंडी समजावत बसले की माझंच डोकं फिरतं.

च आणि ज यांचे दोन उच्चार, म्हणजे ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चारा’मधला वेगळा, यावर मी वेळ घालवत नाही. ज्या मुलाची घरची भाषा मराठी आहे त्याला शब्द कळला की उच्चार आपोआप येतो. घरची भाषा वेगळी असेल तर मात्र आधी तो शब्द गप्पांत भरपूर वापरा, वाचायला नंतर द्या. न ऐकलेला शब्द वाचून दाखवला तरी त्या मुलाला तो नुसता आवाजच असतो.

तिसरा गट वाचणाऱ्यांचा, म्हणून त्याला सोडून देऊ नका. पायाभूत वाचन-गणितासाठी केंद्र सरकारची ‘निपुण भारत’ मोहीम 2021मध्ये आली तेव्हापासून मिनिटाला किती शब्द याची चर्चा फार होते. दुसरीअखेर 45 ते 60 आणि तिसरीअखेर निदान 60 शब्द, आणि तेही समजून, अशी अपेक्षा त्यात आहे. आकडा वाईट नाही, कारण फार हळू वाचणारं मूल ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. पण लोक ‘समजून’ हा शब्द गाळतात. शिवाय मराठीत ‘शेतकऱ्यांच्यासुद्धा’ हाही एकच शब्द आणि ‘तो’ हाही एकच. त्यामुळे घड्याळ मी दोन महिन्यांतून एकदा काढते. एरवी तीन प्रश्न विचारते. एकाचं उत्तर मजकुरात सरळ लिहिलेलं असतं, दुसऱ्यासाठी दोन वाक्यं जोडावी लागतात आणि तिसऱ्याचं उत्तर पुस्तकात नसतंच: ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ मुलं दुसऱ्या प्रश्नाला अडतात. तिथेच थांबून ‘कुठल्या दोन ओळी बघितल्यावर कळेल?’ असं विचारत राहायचं.

आणि एक काम तिन्ही गटांसाठी: रोज दहा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. तिसरीचं पुस्तक, त्याहून वरचं, काहीही. वाचता न येणाऱ्या मुलाची समज पहिलीची नसते, आठ वर्षांची असते. त्याला दिवसभर ‘काल मामा आला’ एवढंच दिलंत तर त्याची भाषाही तिथेच थांबेल. तुमच्या ‘पुस्तक पुढे नेऊ का’ या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: ऐकण्या-बोलण्यात पुस्तक पुढे न्या, वाचन-लेखनाच्या तासात मूल जिथे आहे तिथे जा. दोन्ही एकाच दिवसात होतं.

लेखनाबद्दल. फळ्यावरचं सुंदर उतरवणं म्हणजे चित्रकला आहे हो. माझ्या वर्गात एक मुलगी होती, वही कुणालाही दाखवावी अशी. एकदा तिच्याजवळ बसले तेव्हा दिसलं की ती आधी पट्टीने पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ मारायची आणि मग तिला एकेक अक्षर खाली टांगत जायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. शब्द कुठे संपतो हे तिला माहीतच नव्हतं. ‘माझी बहीण’ लिही म्हटलं तर ‘मझब’ लिहून थांबली. तिला मी एवढंच सांगितलं: शब्द लिही, शब्द म्हण, मग त्याच शब्दापुरती रेघ मार आणि एक बोट जागा सोड. महिनाभरात तिची वही वेडीवाकडी झाली. पण त्यात तिची स्वतःची वाक्यं होती.

रोज दोन वाक्यं मनाची लिहायची, ‘कालची गोष्ट’ म्हणून, एवढं तुम्हीही सुरू करा. सुरुवातीला ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. एखादा लिहील ‘काल मि खुप खेळलो’. लाल पेनाने गोल करण्याऐवजी मी खाली उत्तर लिहिते: ‘तू खूप खेळलास! कोणाबरोबर?’ तो उत्तर वाचतो, ‘खूप’ बघतो आणि दुसऱ्या दिवशी मला उत्तर देतो. 32 वह्यांना रोज उत्तर शक्य नाही. मी रोज सात-आठ घेते, आठवड्यात सगळ्यांचा नंबर लागतो. शुद्धलेखनाचा नियम तिसरीच्या दुसऱ्या सत्रात, आणि एकच: शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ. मी, आई, पाणी, मुलगी, चेंडू, वस्तू. ‘आणि’, ‘परंतु’ असे थोडे शब्द सोडले तर एवढ्या एका नियमाने निम्म्या चुका जातात. मुलांना तो शोधायला द्या, सांगू नका.

आता गणित. हातच्याची वजाबाकी येत नाही असं तुम्ही म्हणता, पण मी पैज लावते की त्यातल्या बऱ्याच मुलांची अडचण वजाबाकीच्या दोन पायऱ्या आधी आहे. त्यांना 52 म्हणजे काय हेच डोळ्यांसमोर येत नाही. याला आपली संख्यानावंही कारण आहेत. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, लिहिताना मात्र 2 आधी. ऐकलं तसं लिहिणारं मूल 52 लिहितं, म्हणजे खरं तर प्रामाणिकपणे लिहितं. ‘एकोणतीस’ ऐकून 39 लिहितं, कारण तीस ऐकू आलंय. आणि दोन या एका अंकाची रूपं बघा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. शंभरपर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं. 2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’ऐवजी ‘साठ तीन’ अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरं आणि उलटा उच्चार हीच अडचण सांगितली होती. नावं बदलावीत की नाही हा वाद मोठ्यांचा. वर्गात मी दोन्ही शेजारी ठेवते: ‘वीस आणि पाच, पंचवीस’. मूल आधी पहिलं म्हणतं, लिहितं आणि मग दुसरं नाव जोडतं. पंचवीस हे नाव त्याला यायलाच हवं, कारण बाहेर सगळे तेच म्हणणार.

यासाठी फक्त काड्या आणि रबर लागतात. दहा काड्यांचा गठ्ठा मुलांनीच बांधायचा. तयार गठ्ठे देऊ नका, बांधताना मोजलेले दहाच डोक्यात बसतात. ‘त्रेचाळीस दाखव’ म्हटल्यावर चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या न अडखळता पुढे आल्या की समजायचं, आता वजाबाकी घ्यावी. तीनशे पाचला 3005 लिहिणाऱ्यांसाठी कागदाच्या पट्ट्या करा: 300ची लांब पट्टी, तिच्यावर उजव्या टोकाला 5ची छोटी पट्टी ठेवायची. शेवटचं शून्य झाकलं जातं, 305 दिसतं. हे शब्दांत समजावण्यात मी वर्षं घालवली. पट्टी दाखवली की चार मिनिटं लागतात.

आता ती वजाबाकी. 52 मधून 27. मुलं उत्तर काढतात 35. ‘कसं केलंस?’ विचारा. ‘बाई, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ वरचा-खालचा त्याला कळत नाही, मोठ्यातून लहान जातं एवढं कळतं, आणि ते त्याला आपणच शिकवलेलं असतं. वही मिटा. पाच गठ्ठे, दोन सुट्या समोर ठेवा आणि म्हणा, ‘मला सत्तावीस दे.’ मूल दोन गठ्ठे देतं. मग सात सुट्या मागितल्या की त्याच्याकडे दोनच असतात. इथे तुम्ही गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, माझ्या जिभेवर येतं ‘गठ्ठा सोड’. थोडा वेळ जातो, ते तुमच्याकडे बघतं, गठ्ठ्याकडे बघतं आणि मग रबर काढतं. ते रबर निघालं म्हणजे हातचा समजला. त्यानंतर आठवडाभर काड्या आणि वही शेजारी शेजारी ठेवायची: काडीचं जे केलं तेच लिहायचं, पाचावर काट मारून चार, दोनच्या जागी बारा.

एक सावधगिरी. घरी मोठी माणसं पुष्कळदा जुन्या रीतीने सांगतात: वरच्याला दहा द्यायचे, खालच्याच्या पुढच्या अंकात एक मिळवायचा. तीही रीत बरोबर आहे, उत्तर तेच येतं. पण मूल अर्धी तुमची आणि अर्धी घरची करतं, वरचा अंक कमीही करतं आणि खालचा वाढवतंही. असं उत्तर नेमकं दहाने चुकलेलं दिसलं, की आधी विचारा की घरी कोण शिकवतं.

बेरजेत बोटं मोजली तर मोजू द्या. फक्त कशी मोजतं ते बघा. 8 आणि 5 साठी एकपासून मोजणारं मूल पहिल्या पायरीवर आहे, आठ मनात धरून ‘नऊ, दहा, अकरा’ करणारं दुसऱ्या, आणि पाचातले दोन आठला देऊन ‘दहा आणि तीन’ म्हणणारं तिसऱ्या. दहाच्या जोड्या (8 आणि 2, 7 आणि 3) पक्क्या झाल्या की बोटं आपोआप खाली जातात. पाढे म्हणायला माझी हरकत नाही, रोज म्हणा. पण सहा चोक चोवीस म्हणणाऱ्याला चार-चार काड्यांचे सहा ढीग लावता येतात का, हे अधूनमधून बघत जा.

शाब्दिक उदाहरणं आली की सगळ्या वर्गांत एकच प्रश्न येतो: ‘बाई, मिळवायचे की वजा?’ त्याचं उत्तर कधीही देऊ नका. ‘एकूण आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी’ असल्या युक्त्याही नकोत. ‘रीमाकडे 9 पेन्सिली आहेत. त्या अन्वरपेक्षा 4ने जास्त आहेत. अन्वरकडे किती?’ यात ‘जास्त’ दिसलं की युक्तीवाला 13 लिहून मोकळा होतो. माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: ‘काय झालं ते मला सांग, आकडे सांगू नकोस.’ कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी हे मूल स्वतःच्या शब्दांत बोललं की क्रिया त्याची त्यालाच सुचते. आणि बोलता आलं नाही, तर अडचण गणिताची नाहीच. वाचनाच्या तासाकडे परत या.

वेळेचं विचारलंत. वाचन-लेखनाला मिळून रोज एक तास, गणिताच्या या पायाभूत कामाला अर्धा. रोज. शनिवारी तीन तास एकदम केलेलं अंगी लागत नाही. माझ्या अनुभवात अक्षरांवरचं नियमित येणारं मूल दोन-अडीच महिन्यांत सोपं वाक्य वाचायला लागतं. काही मुलं इतकं करूनही हलत नाहीत. त्यांच्या बाबतीत आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. फळ्याऐवजी शेजारच्याच्या वहीतून उतरवणारा मुलगा आळशी नसतो, त्याला फळा दिसत नसतो. तेही ठीक असेल आणि तीन-चार महिन्यांच्या रोजच्या कामानंतरही अक्षरं निसटत असतील, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितच अडतं त्याची, तपासणी करून घ्यावी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि सवलतींसाठी प्रमाणपत्र मिळतं. पण ते शब्द आपण वर्गात शिक्क्यासारखे वापरायचे नाहीत. ते तज्ज्ञांचं काम.

पालकांकडून मी एकच मागते: मुलाने रोज काहीतरी वाचून दाखवावं आणि कुणीतरी ऐकावं. ऐकणाऱ्याला वाचता आलं नाही तरी चालतं.

आता सोमवारी सुरुवात करताना एक काळजी घ्या. ऐकायला बोलावण्याची सुरुवात शेवटच्या बाकावरच्या, कधीच हात वर न करणाऱ्या मुलापासून करू नका. आपल्याला घाई असते आणि आपण नेमकं त्यालाच आधी बोलावतो, मग अख्ख्या वर्गाला कळतं की बाईंकडे जाणं म्हणजे न येणाऱ्यांनी जाणं. पहिल्या दोन मुली चांगल्या वाचणाऱ्या बोलवा. त्या हसत परत गेल्या, ‘बाईंनी खालून वर वाचायला लावलं’ म्हणून सांगत सुटल्या, की बाकीचे रांग लावतात. त्या मुलाला दहाव्या-बाराव्या नंबरला घ्या, आणि त्याच्यासमोर लिहिताना वही थोडी तिरपी धरा.